कात टाकण्याचं वेळापत्रक

४ जानेवारी, सकाळी ११

खेकडे आले. दोनशे चाळीस. एकेक शर्टाच्या बटणाएवढा. हॅचरीवाल्याने ओल्या जाळीत गुंडाळून दोन बादल्यांतून आणले आणि मागच्या अंगणात पत्र्याखाली बांधलेल्या सिमेंटच्या टाक्यांत सोडले. टाकी क्रमांक एक, टाकी क्रमांक दोन. क्रमांक मी स्वतः ऑइलपेंटने घातलेत.

ही वही फक्त खेकड्यांची; मापांचं रजिस्टर वेगळं. मुलगी जाऊन तेरा महिने झाले, त्याबद्दल इथे एक अक्षर लिहायचं नाही. नियम क्रमांक एक.

घरात माणसं तीन. मी, वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक, सेवा एकतीस वर्षं. ही. आणि जावईबापू. ते पाणीपुरवठ्याच्या लॅबमध्ये पाणी तपासतात. लॅब दहा मिनिटांवर, म्हणून लग्नानंतर दोघं आमच्याकडेच राहायची. आता ते एकटे राहतात, तिच्याच खोलीत. माणूस आतून खचलाय. मन गुंतवायला काहीतरी हवं. म्हणून त्यांच्यासाठी हा उद्योग काढला. मला गरज नव्हती. मी ठीक आहे.

हॅचरीवाला सांगून गेला की खेकड्याचं कवच वाढत नाही. वाढायचं तर जुनं कवच सोडून बाहेर यावं लागतं. त्याला तो कात टाकणं म्हणतो. बाहेर आला की लोण्यासारखा मऊ असतो, पाणी शोषून फुगतो, मग नवं कवच कडक व्हायला दिवस-दोन दिवस जातात. पिल्लं दर चार-पाच दिवसांनी कात टाकतात, मोठी झाली की पंधरा-वीस दिवसांनी. तेवढ्या वेळात हात लावू नका साहेब, असं त्याने दोनदा सांगितलं. बिचारा. मोजमापाचं शिक्षण नाही.

संकल्प: पहाटे साडेपाचला उठणे. रोज प्रत्येक खेकड्याची रुंदी घेणे. एप्रिलअखेर तळहाताएवढे खेकडे. वेळापत्रक आखून टाकीच्या भिंतीवर चिकटवलं.

६ जानेवारी, सकाळी ९.१०

उठायला उशीर झाला. थंडी. उद्यापासून.

दुपारी १२.४०

एकसष्ट खेकडे मोजून झाले. सरासरी नऊ मिलिमीटर. व्हर्नियर कॅलिपर माझा स्वतःचा आहे, निरोपसमारंभात मिळालेला. हातातल्या हातात तिघांचे पाय तुटले. हॅचरीवाल्याला फोन केला. म्हणाला, पाय परत येतात, पुढच्या दोन-तीन कातींत, पण तुम्ही उचलता कशाला. रेंज गेली असं सांगून फोन ठेवला.

जावईबापूंनी ऑफिसला जाण्याआधी पाणी तपासलं. खारेपणा बरोबर. त्यांना म्हटलं, दोन मिनिटं थांबा, सरासरी बघून जा. चाळीस मिनिटं थांबले. आतून हिचा आवाज आला की त्यांना उशीर होतोय. हिला त्यांची आवड कळत नाही.

९ जानेवारी, सकाळी ८

वाईट बातमी. टाकी एकमध्ये सतरा मृत. तळाशी निपचित. मॉर्टॅलिटीच्या रकान्यात नोंद केली. अक्षर बिघडलं.

सकाळी ८.३०

जावईबापू आले, एक मृत खेकडा चिमटीत धरला आणि उजेडात धरून दाखवला. आरपार दिसत होतं. आत कोणीच नाही. ती कात होती. डोळे, मिशा, पायाची पेरं, सगळं जिथल्या तिथे, फक्त मालक निघून गेलेला. मालक विटेच्या तुकड्याखाली बसले होते. मऊ, फिक्कट. एकाला मोजलं: बारा मिलिमीटर. एका कातीत तीन मिलिमीटर.

नोंद खोडली. रजिस्टरमध्ये खाडाखोड, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

जावईबापू हसले. खूप दिवसांनी. मी मुद्दाम चूक केली असंही म्हणता येईल.

१२ जानेवारी, रविवार

मोजणीत दोनशे तीन. सदतीस गायब. प्रेत नाही, कात नाही. जावईबापू म्हणाले की मऊ असताना बाकीच्यांनी खाल्ले. लपायला जागा हव्यात.

मग आम्ही दोघांनी दिवसभर पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे कापले. नव्वद तुकडे. मी धरायचे, त्यांनी करवत चालवायची. फार बोललो नाही. एकदा ते म्हणाले की पाइप जरा तिरपा धरा. एकदा मी म्हणालो की चहा आला. तेरा महिन्यांतला सगळ्यात चांगला रविवार.

संध्याकाळी ही म्हणाली की त्यांना आज कुठेतरी जायचं होतं, सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर निघाले होते, तुम्ही हाक मारलीत. मी म्हटलं, इस्त्रीचा शर्ट घालून पाइप कापतो तो माणूस मुळात टापटिपीचा. ही चहाचे कप उचलून आत गेली. हिला पटलं असावं.

१९ जानेवारी, रविवार

जावईबापूंच्या लॅबमधल्या एक बाई खेकडे बघायला आल्या. पस्तिशीच्या, चष्मा, शांत. मी त्यांना दोन्ही टाक्या, सर्व पाइप, एक अख्खी कात, वेळापत्रक आणि रजिस्टर पान एक ते चौदा दाखवलं. दोन तास. मध्ये एकदाही बसल्या नाहीत. खेकड्यांत इतका रस असलेली व्यक्ती मी पाहिली नव्हती. जावईबापू तेवढा वेळ दाराशी उभे होते. त्यांना हे सगळं पाठ आहे.

मग हिने त्यांना आत नेलं. आई कशी आहे, भाऊ काय करतो, असलं काहीतरी विचारत होती. विषयांतर करायची हिला सवय.

निघताना मी बाईंना टाकी क्रमांक दोनची जबाबदारी देऊ केली. त्या जावईबापूंकडे बघून म्हणाल्या, बघू या. तयार आहेत.

२५ जानेवारी, दुपारी

खेकडे एकशे एकाहत्तर. सरासरी वीस मिलिमीटर. वेळापत्रकाप्रमाणे अठ्ठावीस हवी होती. वेळापत्रकात बदल केला, आता बरोबर आहे.

एकाने अंगठा पकडला. किरकोळ. हिने पट्टी बांधली. बांधताना म्हणाली, त्यांना सोडा आता. म्हटलं, खेकड्यांना? हिने पट्टीची गाठ आवळली.

पहाटे उठणं अजून जमलेलं नाही. गजर घरच्यांची झोप मोडतो म्हणून बंद ठेवतो.

२ फेब्रुवारी, रविवार

जेवताना जावईबापूंनी सांगितलं की बदलीचं पत्र आलंय. दुसऱ्या शहरातली लॅब, इथून सहा तास. बढती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हजर व्हायचं.

मी शांतपणे समजावलं. एप्रिलअखेरपर्यंत शक्य नाही. तिसरी टाकी बांधायची आहे. पाणी कोण तपासणार? शिवाय परक्या शहरात एकट्या माणसाने काय खायचं, आजारी पडला तर कोण बघायचं? इथे हिचाही जीव त्यांच्यात गुंतलाय, घरात तरुण माणूस असला की हिला आधार वाटतो. हे मी हिच्या देखतच बोललो. हिने डाव भातात तसाच ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

जावईबापू म्हणाले, बघू बाबा.

‘बघू’ म्हणजे नकार नाही. नकार नाही म्हणजे होकार. विषय मिटला.

९ फेब्रुवारी, रविवार

नवीन प्रकार. आज अकरा खेकडे अर्धवट अवस्थेत सापडले. मागून कवच उघडलंय, निम्मा बाहेर, निम्मा आत अडकलेला, आणि तसाच मेलेला. ह्या काती नव्हत्या. मी प्रत्येक उजेडात धरून पाहिला.

हॅचरीवाल्याला बोलावलं. त्याने पाण्याचा वास घेतला, चव घेतली, खाणं बघितलं. मग विचारलं, ह्यांना रोज कोण हाताळतं? मी रजिस्टर दाखवलं. पान सत्तेचाळीस. त्याने पान उलटलंसुद्धा नाही. म्हणाला, साहेब, कात टाकायच्या आधी तो दोन दिवस खात नाही, कोपरा धरतो. अंगातलं सगळं बळ त्या कामाला साठवत असतो. तुम्ही त्याला उचलून दिव्याखाली धरता. घाबरतो. मग ऐन वेळी बळ पुरत नाही, अडकतो.

मी विचारलं, खाण्यात कॅल्शियम कमी पडत असेल का? तो म्हणाला, हात लावू नका. मी विचारलं, दिवा कमी वॉटचा लावू का? त्याने चप्पल घातली.

शिल्लक एकशे अडतीस.

संकल्प: मोजणी दिवसाआड.

१० फेब्रुवारी

मोजणी केली. काल रविवार होता, तो धरायचा नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळी १०

बदलीचा प्रश्न लोंबकळत ठेवणं बरं नाही. जावईबापूंचा स्वभाव भिडस्त, वरिष्ठांशी बोलणार नाहीत. म्हणून त्यांच्या लॅबच्या मुख्य साहेबांना मी स्वतः अर्ज लिहिला. कौटुंबिक परिस्थिती, दुःखद घटना, वृद्ध सासू-सासरे यांची एकमेव जबाबदारी, सबब बदली एक वर्ष पुढे ढकलावी. दीड पान. भाषा उत्तम. ‘दुःखद घटना’ लिहिताना नियम क्रमांक एक मोडला नाही, कारण अर्ज वेगळ्या कागदावर होता.

हिला दाखवला नाही. सरप्राइज.

उद्या सकाळी नेऊन देतो.

१७ फेब्रुवारी

नेऊन दिला. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. वाचून झाल्यावर विचारलं, जावयांना माहीत आहे ना? मी म्हटलं, त्यांचीच इच्छा आहे. ती आहेच. त्यांना अजून कळलेली नाही, एवढंच.

बाहेर पडताना लॅबमधल्या त्या बाई समोर आल्या. मी विचारलं, टाकी दोनचं कधी मनावर घेताय? त्यांनी मला हात धरून पायऱ्या उतरवल्या. मला पायऱ्यांचा काही त्रास नाही.

२१ फेब्रुवारी

शहाण्णव. अडकलेले चौदा. खाणं बदललं, माशाऐवजी कालवं. पाणी बदललं. विटा बदलल्या. मोजणी तेवढी बदलली नाही, कारण डेटा मध्येच तुटला तर आधीचं सगळं वाया.

आज एक खेकडा बाहेर येताना प्रत्यक्ष पाहिला. मागे मागे सरकत येतो, एकेक पाय मोज्यातून काढावा तसा काढत. नांगीपाशी फार वेळ लागला. मी सव्वा तास बसलो. नांगी निघाली नाही. मदत म्हणून चिमट्याने जुनं कवच जरा ओढलं. नांगी तुटून आली, पाठोपाठ तोही गेला.

हिला सांगितलं नाही. जावईबापूंनाही नाही.

तापात तिचा हात असाच हातात

नियम मोडला. पुढे लिहीत नाही.

२६ फेब्रुवारी, रात्री १०

अर्जाचं कळलं. साहेबांनी जावईबापूंना बोलावून हातात दिला. ते घरी आले, बूट न काढता समोर उभे राहिले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं. एवढंच म्हणाले, “बाबा, तुम्ही मला विचारलं नाहीत.”

मी बरीच कारणं दिली. सगळी ऐकून घेतली. मग आत गेले. आज पाणी तपासलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी हिने माझं ताट वाढलं, समोर ठेवलं आणि स्वतः समोर बसली. म्हणाली, ते लग्न करतायत. लॅबमधल्या बाईंशी. त्यांचीही बदली त्याच शहरात झालीय, लग्न तिकडेच करणार. महिन्याभरापूर्वी दोघांनी येऊन माझी परवानगी मागितली.

मी म्हटलं, मग?

“मी हो म्हटलं. तिला माझी पेटीतली साडी दिली.”

मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही.

“तो सांगायला तीनदा अंगणात आला. तुम्ही त्याच्या हातात खेकडा दिलात.”

आठवलं. तीनदा आले होते खरे. मला वाटलं होतं गोडी लागली.

२८ फेब्रुवारी

न बोलायचं ठरवलं. कोणाशीच. ज्याला जायचं त्याने जावं. माझं काम मी एकटा करीन. आज सगळे मोजले, प्रत्येक दोनदा, पडताळणीसह. सकाळी नऊ ते दुपारी चार. पाण्याचा खारेपणा मीच तपासला. आकडा काहीतरी विचित्र आला, पण दोनदा तोच आला, म्हणजे बरोबर असणार.

१ मार्च

अठ्ठेचाळीस.

३ मार्च, रात्री ९

बावीस मेले. टाकी दोनमध्ये एकही उरला नाही. एकमध्ये सव्वीस.

मी टाकीच्या कठड्यावर बसून होतो. किती वेळ, नोंद नाही. जावईबापू कामावर निघाले होते, ते थांबले. बाही वर सारून पाण्यात हात घातला, चव घेतली, आणि म्हणाले की मीठ दुपटीच्या आसपास आहे. मी आकडा वाचताना रेघ चुकलो होतो. आयुष्यभर लोकांच्या तराजूंतल्या चुका काढल्या.

त्यांनी रजेचा फोन केला. दिवसभर हळूहळू पाणी बदललं, एकदम बदललं तर उरलेले मरतील म्हणून. दुपारी तिच्या खोलीतला काळा पडदा काढून आणला आणि टाकीवर अंथरला. कडांना विटा ठेवल्या. मला म्हणाले, बाबा, दहा दिवस उघडायचं नाही. खाणं मी कडेने टाकीन.

मी म्हटलं, मोजणी?

त्यांनी माझ्या हातातून रजिस्टर घेतलं. हिसकावलं नाही. मीच सोडलं.

४ मार्च

उघडलं नाही.

५ मार्च

उघडलं नाही. कडेला कान लावला. काही ऐकू येत नाही.

६ मार्च

ह्या लोकांचं सामान बांधणं चालू आहे. लॅबमधल्या बाई आल्या होत्या. त्यांना बघून मी अंगणात आलो, तर त्या मागून आल्या आणि शेजारी कठड्यावर बसल्या. म्हणाल्या की तुमच्या मुलीला मी ओळखत होते, ती डबा घेऊन लॅबमध्ये यायची तेव्हा सगळ्यांना हाक मारून खायला घालायची. मला हे माहीत नव्हतं. डब्यात दोन माणसांपुरतं जास्त का भरते, असं मी तिला रागावत असे.

त्यांना म्हटलं, त्या दिवशी दोन तास कंटाळला असाल. म्हणाल्या, हो. मग म्हणाल्या, पण ती कात बघितली ती विसरणार नाही.

बाई चांगल्या आहेत. हे लिहायला त्रास झाला, पण आहेत.

८ मार्च, संध्याकाळी ५

उद्या जातात. आज अंगणात आम्ही दोघंच होतो. ते कडेने खाणं टाकत होते.

मी म्हटलं, तुम्ही जा. अर्जाचं मनावर घेऊ नका. एवढंच बोलायचं ठरवलं होतं, दुपारी कागदावर लिहूनही काढलं होतं. पण पुढचं निघालं. म्हटलं, त्या संध्याकाळी मीच म्हणालो होतो, साधा ताप आहे, उद्या सकाळी नेऊ.

ते खाण्याचं भांडं हातात धरून थांबले.

म्हटलं, हिने तीनदा सांगितलं होतं, आत्ता न्या. मी म्हणालो, बायका उगीच घाबरतात. पहाटेपर्यंत ती बेशुद्ध झाली. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, काल आणली असती तर. तुम्ही मला त्यावर कधी एक शब्द बोलला नाहीत. मला वाटायचं, ज्या दिवशी हा माणूस हे घर सोडेल त्या दिवशी तो ते बोलून जाईल.

 त्यांनी भांडं खाली ठेवलं.

“बाबा, मी बूट घालून उभा होतो. तिला न्यायला. तुम्ही उद्या म्हणालात आणि मी बूट काढले.”

मी म्हटलं, माझा मान ठेवलात.

“नाही. दमलो होतो. दिवसभर काम झालं होतं, तुम्ही उद्या म्हणालात ते मला बरं वाटलं.” मग म्हणाले, “पंधरा महिने मला वाटत होतं की तुम्ही मला बूट काढताना बघितलंत.”

मी बघितलं नव्हतं. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

मग ते बसले, मीही बसलो. ते रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझा हात जड पडला असावा, त्यांनी तो तसाच राहू दिला. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता, तो मध्येच थांबला आणि जरा वेळाने परत सुरू झाला.

९ मार्च, रविवार

गेले. सकाळी दहा. दोन बॅगा, एक खोका. हिने डबा दिला. दोघं आमच्या पाया पडायला वाकले तेव्हा ही त्या बाईंना जवळ घेऊन काहीतरी कानात म्हणाली. काय, ते मी विचारलं नाही.

मला म्हणाले, बाबा, खाणं कडेने टाका, गुरुवारी पडदा काढा.

ही गाडी वळेपर्यंत हात हलवत होती. हसतमुख. हिचं मला कौतुक वाटतं, ह्या सगळ्यात हिच्या डोळ्यांतून एक टिपूस नाही. आमच्या दोघांपेक्षा हीच कणखर. मुळात हिने फार लावून घेतलेलं नाही, हे एक बरं आहे.

१३ मार्च, गुरुवार

हॅचरीवाल्याच्या समोर पडदा काढला. सव्वीसच्या सव्वीस जिवंत. तळाशी वीस-बावीस काती, काही अर्ध्या खाल्लेल्या. तो म्हणाला की आपलीच कात खातात, चुना मिळतो. खेकडे बघून ओळखू येईनात. डोळ्यांनीच अंदाज येत होता की दीडपट झालेत. जानेवारीत माझ्या हातून पाय तुटलेला एक त्यांत असेल तर सांगता येणार नाही. सगळ्यांना सगळे पाय होते.

हॅचरीवाला म्हणाला, आता ह्यांना मोठं तळं लागेल, मी घेऊन जाऊ? मी हो म्हटलं. तो बादल्या भरत असताना मी बाजूला उभा राहिलो. जाताना म्हणाला, पुढच्या वर्षी पिल्लं हवीत तर कळवा. मी विचार करतो म्हटलं. विचार झालेला आहे.

निष्कर्ष: निरीक्षण बंद केल्यावर मॉर्टॅलिटी शून्य. कारण लिहायला रजिस्टरमध्ये रकाना नाही.

१६ मार्च, रविवार, संध्याकाळी ७

ती खोली रिकामी आहे. तिथे स्टडी करावी असं मनात होतं. टेबल, कपाट, पुढच्या प्रकल्पाची कागदपत्रं. दुपारी जेवण झाल्यावर खिडकी-दारांची मापं घ्यायला गेलो.

दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता. आधी मला कळलंच नाही कसला. चाळीस वर्षांत तो आवाज मी ऐकलेला नव्हता. ही पलंगावर बसून रडत होती. तोंडाला पदर नाही, काही नाही. मोठ्याने, लहान मूल रडतं तसं, श्वास संपेपर्यंत आणि मग परत.

मी दारात उभा राहिलो. विचारलं, काय झालं? असा प्रश्न विचारायला माणूस माझ्यासारखाच लागतो.

तिने मान वर केली. लपवलं नाही. म्हणाली की आता तो सुखरूप पोचलाय, आज फोनवर आवाज मोकळा वाटला, म्हणून आज बसले.

मी म्हटलं, इतके दिवस?

“इतके दिवस कुठे रडणार होते? इकडे तो, तिकडे तुम्ही. मी रडले असते तर दोघांना वाटलं असतं, ही आपल्याला बोल लावतेय. तीनदा सांगितलं होतं ना मी.” मग जरा थांबून म्हणाली, “तुम्ही दोघं आधीच अर्धे झाला होतात. भांडी घासताना नळ सोडायचे आणि तेवढंच.”

 म्हणण्यासारखं होतं ते सगळं मी त्या संध्याकाळीच वर्तमानपत्रामागून म्हणून बसलो होतो.

ती परत रडायला लागली. मला वाटलं, बाहेर जावं, तिला एकटीला हवं असेल. मग वाटलं, पुन्हा मीच ठरवतोय. म्हणून विचारलं, बसू का?

ती पलंगावर थोडी सरकली.

बसलो. बराच वेळ. खिडकीला पडदा नाही, सगळं ऊन आत येत होतं, आम्हा दोघांच्या पायांवर. चहा साडेपाचला झाला. तीच उठली करायला, मग मीही उठलो. साखर कुठे ठेवते ते मला माहीत नव्हतं, ते तिने दाखवलं.